टोपीवाल्यांनी यंदा आपल्यालाच टोपी घातलीय का?

टोपीवाला_बडोदा

मंडळी, आर्सेनल-लिव्हरपूलवाले इथे ढिगाने सापडतील, ल्यूटन टाऊन या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबचे मला धरून दोन की अडीच, तरी विचारतोय कारण घरात विषय काढला की आई म्हणते "ते केशरी शर्टवाले परत हरले का रे?" आणि चर्चा तिथेच संपते. १ ऑगस्ट २०२५ ला शुक्रवारी लीग वनची (प्रीमियर लीगपासून खाली मोजली तर तिसरी पायरी) पहिली मॅच आहे, एएफसी विंबल्डनबरोबर, आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली असेल. आणि यंदाच्या साइनिंग, म्हणजे नव्याने घेतलेले खेळाडू, बघून नाचायचं की कपाळाला हात लावायचा हेच माझं अजून ठरत नाहीये.

आधी मी यात कसा अडकलो ते सांगतो म्हणजे चिडचिड कुठून येतेय ते कळेल. २०१७ ला मास्टर्स करायला ल्यूटनला गेलो, खोली मिळाली बरी पार्क नावाच्या वस्तीत, आजूबाजूला सगळी आपल्याकडचीच दुकानं, हळद-मेथी-कढीपत्ता सगळं कोपऱ्यावर. आणि स्टेडियम म्हणजे केनिलवर्थ रोड, १९०५ पासूनचं, ते चक्क वस्तीत घुसलंय. ओक रोडवर एकाला एक चिकटलेल्या घरांची रांग आहे, त्या रांगेतच खालचा मजला पोखरून दरवाजा काढलाय, पाहुण्या टीमचे लोक त्यातून आत शिरतात, जिना चढतात आणि चढता चढता दोन्ही बाजूंना लोकांची परसदारं दिसतात. आमच्या गल्लीतल्या एक काकू शनिवारी हटकून चादरी वाळत घालायच्या. हजारभर माणूस वरून त्यांची फुलाफुलांची चादर बघत जायचं आणि काकू खालून चिमटे लावत लावत त्यांना आज किती गोल खाणार ते सांगायच्या.

पहिली मॅच बघितली ती नोव्हेंबर २०१७ ची, केम्ब्रिजला ७-० मारलं. त्यात ऑली लीने स्वतःच्या अर्ध्या मैदानातून बॉल मारला आणि तो थेट गोलात. माझ्या बाजूचा म्हातारा उभा राहिला, टोपी काढली, परत घातली आणि काही न बोलता बसला. झालं, त्या दिवसापासून आपण टोपीवाले. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ल्यूटन हे पूर्वी टोप्या बनवणारं गाव, म्हणून टीमला हॅटर्स म्हणतात. मी टोपीवाले म्हणतो, मराठीत ते जास्त शोभतं.)

मी तिथे असतानाच लागोपाठ दोन वर्षं वर गेलो, २०१८ ला लीग टू (चौथी पायरी) मधून आणि २०१९ ला लीग वन जिंकून. मग २०२३ ला वेम्ब्लीवर कोव्हेंट्रीला पेनल्टीवर हरवून प्रीमियर लीग! २००८-०९ च्या सीझनला ३० पॉइंट कापले होते या क्लबचे, लीगच्या बाहेर, म्हणजे त्याखालच्या नॉन-लीगमध्ये, पाच वर्षं काढली होती. तिथून प्रीमियर लीग. मी त्या रात्री दांडिया बाजारात स्कूटरवर केशरी शर्ट घालून फिरत होतो आणि एका माणसाने विचारलं कोणत्या मंडळाचे.

बरं आता रडगाणं. २०२४ ला प्रीमियर लीगमधून २६ पॉइंटवर खाली. ठीक आहे, ते होणारच होतं. पण पुढच्याच वर्षी चॅम्पियनशिपमधूनही (दुसरी पायरी) खाली, शेवटच्या दिवशी वेस्ट ब्रॉमकडे ५-३ हरून, ते पण हलसारखेच ४९ पॉइंट असताना गोलफरकावर. दोन वर्षांत दोन मजले.

आणि अशा वेळी आपण आणलंय कोणाला? नाकी वेल्स, वय ३५. जॉर्ज सॅव्हिल, ३२. कॅल नेस्मिथ आपलाच जुना, त्याला परत घेतलाय, तो ३३. जेरी येट्स २८ चा, तो एक बरा. गोलकीपर जॉश कीली टॉटनहॅमकडून, पोरगा २२ चा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. गेले कोण तर कार्लटन मॉरिस डर्बीला, आसगार्ड रेंजर्सला, कामिन्स्की पण गेला.

माझं दुखणं असं आहे की आपण जेव्हा जेव्हा वर गेलो तेव्हा आपल्यापेक्षा खालून भुकेली पोरं उचलली. कॉलिन्स क्रॉलीकडून, जॉर्डन क्लार्क ॲक्रिंग्टनकडून, अडेबायो वॉल्सॉलकडून, मॉरिस बार्न्स्लीकडून. पेली म्पांझू तर आपण नॉन-लीगमध्ये असताना आला आणि त्याच क्लबबरोबर प्रीमियर लीगपर्यंत खेळला, असं करणारा तो पहिला खेळाडू. यंदा तोही गेला. आणि आता आपण वरून उतरलेली, जेवून हात धुतलेली माणसं फ्रीमध्ये घेतोय. ४६ मॅचची लीग आहे यार. नोव्हेंबरच्या मंगळवारी रात्री पावसात ३५ वर्षांचा स्ट्रायकर किती पळणार?

सांगा, मी उगाच कुरकुरतोय का?

आकडेमोड

थोडं उगाच, थोडं बरोबर.

तू एक गोष्ट धरलीच नाहीस ती म्हणजे पैसा. प्रीमियर लीगमधून खाली आलेल्या टीमला पॅराशूटचे पैसे (उत्पन्न एकदम पडतं म्हणून लीगकडून मदत) मिळतात ते तीन वर्षं, पण वर एकच सीझन काढला असेल तर फक्त दोन वर्षं. म्हणजे आपलं हे दुसरं आणि शेवटचं वर्ष. लीग वनमध्ये ज्याच्या हातात हे पैसे आहेत त्याने याच सीझनला वर जायला पाहिजे, पुढच्या उन्हाळ्यात नळ बंद. अशा वेळी १९ वर्षांचं पोरगं आणून दोन वर्षांनी फळ येईल म्हणत बसायला वेळ कुठाय. येट्स मागच्या सीझनला लोनवर, म्हणजे उसना, डर्बीत होता आणि डर्बी चॅम्पियनशिपमध्ये टिकली. वेल्स ब्रिस्टल सिटीत होता, ते सहावे येऊन प्लेऑफ (वर जायची बाद फेरी) खेळले. म्हणजे दोघं एक मजला वरच्या लीगमधून थेट येतायत, कुठून तरी रिटायरमेंटमधून उठून नाही.

दुसरं म्हणजे पोरं नाहीत असं नाहीये, ती जानेवारीत घेतली. नॉर्डॉस नॉर्वेतून, फाने स्वीडनमधून, मकोसो बेल्जियममधून. तेव्हा तूच म्हणत असशील की अनुभवी माणूस नाही एकही.

लागोपाठ दोनदा खाली गेलेल्या टीमचं पुढे काय होतं ते बघायचं असेल तर दोन उदाहरणं समोर आहेत. वुल्व्हज २०१२ आणि २०१३ ला खाली गेले, २०१४ ला १०३ पॉइंट करून झटक्यात वर. संडरलंड २०१७ आणि २०१८ ला गेले, ते लीग वनमध्ये चार वर्षं अडकले, २०१९ ची प्लेऑफ फायनल चार्ल्टनकडे हरले, २०२२ ला कुठे सुटले. क्लब दोन्ही मोठे, पब्लिक दोन्हीकडे तुफान, फरक पडला तो पहिल्या वर्षात. पहिलं वर्ष हुकलं की खेळाडू विकावे लागतात, मग आणखी हुकतं.

आणि मागच्या वर्षी बर्मिंगहॅमने लीग वनमध्ये १११ पॉइंट केलेत, विक्रम. तो पैशाचा खेळ होता, आपला तेवढा नाही. पण सरळ वर दोनच टीम जातात, तिसऱ्या ते सहाव्याला प्लेऑफची लॉटरी. माझा अंदाज: प्लेऑफ नक्की, पहिले दोन फिफ्टी-फिफ्टी.

राजवाडा_इंदूर

बडोदेकर, म्हाताऱ्या पायांची चेष्टा तुम्ही तरी करू नका हो. फुटबॉलमधलं मला फार कळत नाही, पोराबरोबर बघतो तेवढंच, पण तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही.

आमच्या होळकरांनी सी. के. नायडूंना आणलं ते नागपूरहून. आजच्या भाषेत साइनिंगच की. १९४५-४६ च्या रणजी फायनलला नायडू, म्हणजे आमचे कर्नलसाहेब, पन्नाशीचे होते. पन्नाशीचे! समोर कोण होतं? बडोदा. आणि साहेबांनी २०० ठोकल्या. तुमचे ३५ चे वेल्सभाऊ तर त्यांच्यापुढे बाळ आहेत.

आमचे आजोबा ती मॅच बघायला यशवंत क्लबच्या ग्राउंडवर गेलो होतो असं आयुष्यभर सांगायचे. त्यांच्या वयाचा हिशोब केला तर खरं असू शकतं, तिकिटाचा हिशोब केला तर शंका येते.

टोपीवाला_बडोदा

@राजवाडा_इंदूर काका, काढलंतच शेवटी! पण गोष्ट अर्धी सांगून पळू नका. पुढच्याच वर्षी, मार्च १९४७, परत फायनल, परत होळकर विरुद्ध बडोदा, यावेळी आमच्या घरी. हजारे २८८, गुल महंमद ३१९, चौथ्या विकेटला ५७७ ची भागीदारी. होळकर डावाने आणि वर ४०९ रनांनी हरले. साहेब त्याही मॅचला होतेच, एक वर्ष आणखी वय झालेलं.

आणि हो, हजारे पण सांगलीचे, आम्हीही बाहेरूनच आणलेत, कबूल.

पण बघा ना, यातच माझा मुद्दा निघतो. हजारे तेव्हा बत्तीसच्या आसपास, मुरलेले. गुल महंमद पंचविशीचा, अंगात रग. एक टोक धरून उभा, दुसरा झोडपतोय. मला वेल्सचा राग नाहीये, वेल्सच्या बाजूला कोण पळणार याची काळजी आहे. क्रिकेटमध्ये पन्नाशीचा माणूस क्रीजवर उभा राहून २०० करू शकतो, बॉल त्याच्याकडे येतो. फुटबॉलमध्ये बॉलकडे आपण जायचं असतं.

@आकडेमोड पॅराशूटचं दोनच वर्षांचं माझ्या डोक्यात नव्हतं, हे मानलं. त्याने चित्र बदलतं. पण वुल्व्हजचं उदाहरण देऊन तू स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलास. केनी जॅकेट त्यांचा मॅनेजर म्हणून आला तेव्हा त्याने पहिलं काम काय केलं? मोठ्या पगाराचे जुने, रुसलेले खेळाडू बाजूला काढले, वेगळा सराव करायला लावला, आणि पोरांवर टीम उभी केली. १०३ पॉइंट त्या पोरांचे आहेत. आपण नेमकं उलटं करतोय.

आकडेमोड

जुने आणि रुसलेले, यातला "रुसलेले" महत्त्वाचा शब्द आहे भावा. वुल्व्हजचे ते लोक वर असतानाच्या करारावर अडकून बसले होते, त्यांना तिथे राहायचं नव्हतं. वेल्स आणि सॅव्हिल लीग वन आहे हे माहीत असून सही करून आलेत. नेस्मिथ तर घरी परत आलाय. फ्रीमध्ये आलेल्या माणसाचं एक असतं, ट्रान्सफर फी नाही म्हणजे चुकलं तरी क्लब बुडत नाही. प्रीमियर लीगच्या वर्षी बार्कलीला असाच फ्रीमध्ये आणला होता तेव्हा तू काय म्हणाला होतास ते शोधून काढू का?

टोपीवाला_बडोदा

नको 😂

(म्हणालो होतो की हा म्हणजे संपलेली टूथपेस्ट. मग तो वर्षभर मिडफिल्डमध्ये राजासारखा खेळला आणि ॲस्टन व्हिलाने उचलून नेला.)

नवा_भिडू

दादा दोन प्रश्न. एक, ते घरातून स्टेडियममध्ये जायचं खरंच आहे का मला वाटलं फेकताय. दोन, मी समा रोडला राहतो, रात्री मॅच कुठे बघता तुम्ही, मी कोणत्याच टीमचा नाहीये अजून, घेईन ही.

टोपीवाला_बडोदा

घे, घे, आम्ही पण फ्री ट्रान्सफरवरच घेतो.

खरंच आहे, फोटो शोध, ओक रोड एंड टाक. प्रीमियर लीगमध्ये आलो तेव्हा हालंड वगैरे मंडळी इथे येणार म्हणून जगभरच्या लोकांनी त्या दाराचे फोटो काढले. सगळं मिळून बारा हजार माणूस मावतं जेमतेम, एवढं छोटं ग्राउंड प्रीमियर लीगने आधी बघितलं नव्हतं. एक अख्खा स्टँड उन्हाळ्यात परत बांधावा लागला कॅमेरे-लाइट बसवायला. आता पॉवर कोर्टला नवीन स्टेडियमची परवानगी मिळालीय, २५ हजारांचं. तोपर्यंत चादरीच.

मॅच मी घरीच बघतो, गच्चीवरच्या खोलीत, आवाज म्यूट करून कारण खाली बाबा झोपलेले असतात. गोल झाला की उशीत ओरडायचं. मागच्या सीझनला शेजारचे पटेलकाका एकदा पाणी बघायला गच्चीवर आले, माझं तोंड उशीत, टीव्हीवर केशरी लोक एकमेकांच्या अंगावर पडलेले, ते म्हणाले "आ कई टीम छे?" मी सांगितलं. दोन मिनिटं उभे राहून बघितलं आणि म्हणाले, "पैसा लगाव्या छे के?" मी म्हटलं नाही काका. मग त्यांना जास्तच काळजी वाटली.

दांडियाबाजार_ते_डन्स्टेबल

अगं बाई, इथे ल्यूटनवर मराठीत चर्चा! मी डन्स्टेबलला असते, ल्यूटनच्या शेजारीच, माहेर दांडिया बाजार. फुटबॉल माझा नाही, मुलाचा आहे, तो नऊ वर्षांचा आणि त्याच्यामुळे सगळं घर केशरी.

तुम्ही वयाचं एवढं धरून बसलात, इकडे तसं कोणी बोलत नाहीये असं मला वाटतं. मार्चमध्ये ल्यूटनचा व्हॉक्झॉल गाड्यांचा कारखाना बंद झाला, शंभरेक वर्षांपासूनचा, आमच्या समोरच्या घरातले तिथेच होते, वडीलपण तिथे आणि मुलगापण. मे मध्ये टीम खाली गेली. त्या दिवशी ते गृहस्थ बाहेर गाडी धुत होते, मी सहज म्हटलं वाईट झालं, तर म्हणाले कशाबद्दल म्हणतेस, कामाबद्दल की मॅचबद्दल, आणि स्वतःच हसले. परवा विचारलं जाणार का यंदा, तर म्हणे जाणार म्हणजे काय, विंबल्डन आहे पहिलीच.

विंबल्डनचं काय एवढं ते मला मुलाने सांगितलं. २०११ ला नॉन-लीगमधून वर यायची फायनल, मँचेस्टरला, ०-० आणि पेनल्टीवर आपण हरलो विंबल्डनकडे. तो तेव्हा जन्मलाही नव्हता पण सांगताना असा चेहरा करतो की जणू पेनल्टी त्यानेच चुकवली.

आणि एक. वेल्स बर्म्यूडाचा आहे हे कळल्यापासून आमच्याकडे नकाशा भिंतीवर लागलाय. मुलगा म्हणतो एवढ्या छोट्या बेटावरून आलेला माणूस म्हातारा कसा असेल. त्याचं लॉजिक मला कळलं नाही पण त्याने शर्टवर वेल्सचंच नाव घालायचं ठरवलंय.

टोपीवाला_बडोदा

ताई तुमची पोस्ट दोनदा वाचली. कारखान्याचं मला माहीत होतं पण बातमी म्हणून, मी तिथे असताना सकाळच्या बसमध्ये निळ्या कपड्यातली माणसं असायची, तीच असणार.

विंबल्डनचंही बरोबर. आणि त्यांच्यावर रागावता पण येत नाही. त्यांचा मूळ क्लब उचलून मिल्टन कीन्सला नेला तेव्हा पब्लिकने शून्यातून नवीन क्लब काढला आणि इथवर आणला, यंदाच लीग टू मधून वर आलेत. आपल्यासारखेच आहेत ते. म्हणूनच हरायचं नाहीये त्यांच्याकडून.

बरं, माझी शेवटची बाजू मांडतो, मग तुम्ही काय ते म्हणा. आकडेमोडचं पटलं, या एका वर्षासाठी तयार माणसं पाहिजेत. सॅव्हिलचं तर मला मनापासून पटायला लागलंय, वेस्ट ब्रॉमच्या मॅचला मधे उभा राहून "शांत व्हा रे" म्हणणारा एक माणूस असता तर पाच खाल्ले नसते. पण स्ट्रायकरचं नाही पटत, अजूनही. मॉरिसने २०२२-२३ ला लीगमध्ये २० गोल केले म्हणून आपण वेम्ब्लीला पोचलो, ते २० कुठून आणणार? येट्स ४६ मधल्या चाळीस खेळला तर जमेल. वेल्सला शेवटची पंचवीस मिनिटं द्या, समोरचे दमल्यावर. नव्वद मिनिटं खेळवलं तर डिसेंबरपर्यंत फिजिओकडे. हे आपला मॅनेजर ब्लूमफील्डला कळत असेल अशी आशा आहे, त्याची आधीची टीम वायकम्ब लीग वनमध्ये दुसऱ्या नंबरवर होती तेव्हा तो आपल्याकडे आला, म्हणजे ही लीग त्याला ओळखीची आहे. चॅम्पियनशिपमध्ये त्याला वेळच मिळाला नाही असं म्हणू या, ऑक्टोबरपर्यंत. नंतर नाही म्हणणार.

राजवाडा_इंदूर

चला मग पैज. वेल्सने लीगमध्ये दहा गोल केले तर तुम्ही मला बडोद्याचा लीलो चिवडा पाठवायचा, दोन किलो. नाही केले तर इंदूरची लवंग शेव माझ्याकडून. कर्नलसाहेबांच्या नावाने लावतोय, हरणार नाही.

आकडेमोड

दहा जरा जास्त आहेत काका. शेवटची पंचवीस मिनिटं खेळून आठ ठेवा.

राजवाडा_इंदूर

दहा म्हणजे दहा. होळकर घासाघीस करत नाहीत.

टोपीवाला_बडोदा

मान्य. आणि काका, पैज हरायची इच्छा असलेला बहुतेक मी पहिलाच माणूस असेन.

@नवा_भिडू शुक्रवारी रात्री बाराला ये, गेटला कडी असते, बेल वाजवू नकोस, फोन कर. येताना महाकालीची सेव उसळ मिळाली तर आण, तरी वेगळी बांधून घे. उशी मी देतो.